खतवाल्या भाऊंचं विमान

नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मला भूगोलाची नोकरी लागली, तेव्हा राहायला खोली हवी म्हणून मी ज्यांच्या दारात गेले त्यांनी मला जात विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, भाडं परवडेल का तेही विचारलं नाही. दुकानाच्या दारात खताच्या पोत्यावर मांडी घालून बसलेल्या त्या गृहस्थांनी माझ्या ट्रंकेकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

"बाई, तुमचा सालाचा खर्च किती?"

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. कऱ्हाडहून आलेली मी, कानाला वऱ्हाडी बोली नवी होती.

"म्हणजे?"

"म्हणजे सालभरात तुमच्या हातून जाते तो पैसा. चहापत्ती, साबन, राकेल, गावाले जानं-येनं. होनारच ना तो खर्च? मंग त्या होनाऱ्या खर्चातून तुमाले काय भेटते?"

"वस्तू मिळतात की," मी म्हटलं.

"वस्तू तं भेटतेच वो. त्याच्यावर काय भेटते?"

  "शिकानं लागन तुमाले," असं म्हणून त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि आत हाक मारली, "आयकलं का वो, मास्तरीन बाई आल्या. चहा टाक."

गाव त्यांना खतवाले भाऊ म्हणायचं. घराणं मूळचं वडनेर भोलजीचं, शेतकरी. धाकटे दोघे भाऊ शेती बघायचे आणि यांनी स्टेशनच्या रस्त्याला खत, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकलेलं. महाराष्ट्र नवा होता, संकरित बियाणं त्याहून नवं होतं, आणि वरवट बकालपासून सोनाळ्यापर्यंतचे शेतकरी एस.टी.च्या टपावर पोती टाकून भाऊंकडूनच माल न्यायचे. दुकानात खुर्ची होती, पण ती गिऱ्हाइकासाठी. भाऊ स्वतः पोत्यावर. खुर्चीत बसलं की मालाशी संबंध सुटतो, असं त्यांचं म्हणणं.

मी वरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की त्या घरात विकत आणलेली वस्तू शोधावी लागते. भिंतीवरचं घड्याळ एका औषध कंपनीचं. पाण्याचा थर्मास दुसऱ्या कंपनीचा. छत्रीवर तुरीच्या दाण्यांचं चित्र होतं. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ज्या चमच्याने साखर घालायच्या तो चहाच्या पुड्यांच्या वेष्टनांवर आलेला, आणि ती साखर ज्या डब्यात असायची तोही. न्हाणीघरातली बादली साबणाच्या कागदांवर. हे कागद भाऊ स्वतः कापून, सरळ करून, सुतळीने बांधून ठेवायचे आणि मग कंपनीला पाठवायचे. माझ्याही साबणाचे कागद मी दर महिन्याला खाली नेऊन देऊ लागले. वर्षअखेरीला त्यांनी मला त्यातून एक कंगवा दिला, आणि कंगवा देताना त्यांचा चेहरा एखाद्याने जमिनीचा सातबारा हातात द्यावा तसा गंभीर होता.

यावरून कुणाला वाटेल की माणूस चिकट होता. तसं मुळीच नव्हतं. त्यांच्या घरी दुपारच्या वेळी आलेला माणूस जेवल्याशिवाय गेलेला मी पाहिला नाही. आणि दुकानात तर उलटंच चालायचं. एखादा शेतकरी म्हणायचा, "भाऊ, दहा थैले द्या." भाऊ विचारायचे, "जमीन किती? पानी हाये का?" आणि मग सहाच द्यायचे. "काऊन जास्त टाकतं बे? जमिनीले अजीर्न होईन." दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला असं परत पाठवलेलं मी ऐकलं नाही. त्यांचं गणित सरळ होतं. खर्च व्हायचा तेवढा होणार, त्यावर जे मिळतं ते सोडायचं नाही. पण मिळतं म्हणून खर्च वाढवायचा, हे त्यांना पाप वाटायचं.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंना त्यांनी एकदा असंच पकडलं. शाळेचे खडू, वह्या, शाई हे सगळं गावातल्या चार दुकानांतून थोडं थोडं यायचं. भाऊ म्हणाले, सगळं एका ठिकाणाहून, अकोल्याहून घ्या, अन् त्याच्यावर काय देता ते आधी विचारा. बाईंना संकोच वाटला, तर भाऊ स्वतः अकोल्याला गेले. येताना मांडीवर पृथ्वीचा गोल घेऊन आले. तो माझ्या वर्गात बरीच वर्षं होता.

खरी मजा मात्र होळी ते पाडव्याच्या दरम्यान असायची. त्या दिवसांत खत आणि औषधांच्या कंपन्यांची माणसं भाऊंकडे यायची. वर्षाचा माल कुणाचा उचलायचा ते तेव्हा ठरायचं, आणि भाऊंचा माल थोडाथोडका नसायचा. त्यामुळे प्रत्येक कंपनीची एक योजना असायची. अमुक इतका माल उचला, काश्मीर दाखवतो. दुसरी म्हणायची नेपाळ. तिसरी रामेश्वर-कन्याकुमारी.

भाऊ आधी त्या माणसाला जेवू घालायचे. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वर ताक. जेवताना धंद्याचा शब्द नाही. मग गच्चीवर बाज टाकून त्याला बसवायचे आणि स्वतः समोर जमिनीवर बसून विचारायला सुरुवात करायचे. मी माझ्या खोलीत वह्या तपासत असायची, सगळं ऐकू यायचं.

"एकट्याले नेता का जोडीनं?"

"जोडीनं, भाऊ."

"तारीख कोन ठरवते? तुमी का मी?"

"कंपनी ठरवते."

"म्हंजे पेरनीच्या टायमाले ठरवान. दुकानदार येऊ शकत नाई, अन् तुमचा खर्च वाचते. बरं, मी गेलो नाई तं त्याचे पैसे देता का?"

"तसं नाही करता येत."

"माह्या बदल्यात दुसऱ्या कोनाले पाठवलं तं चालते?"

"विचारावं लागेल."

"विचारून या. अन् हे बी विचारा, तेथं जेवाले भाकर भेटते का."

काश्मीर का नेपाळ, याला त्यांच्या लेखी काही महत्त्व नव्हतं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, काश्मीर कसं सुंदर असेल, कुठल्या तारखेला जायचं याचा काय विचार करता?" तर म्हणाले, "बाई, कास्मीर कुठं पळून चाललं? ते तेथंच हाये. आपल्याले जाता येईन तवाच ते आपल्या कामाचं."

तरी ते काश्मीरला गेले. रामेश्वरलाही गेले. प्रत्येक वेळी गावातले कुणीतरी स्नेही बरोबर न्यायचे, कारण काकू जायच्या नाहीत. दर वर्षी काहीतरी निघायचं. म्हैस व्यालीय, लोणची घालायचीत, दिराच्या मुलीचं बाळंतपण आहे. भाऊ एकदा विचारायचे, नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. प्रवासात त्यांच्याबरोबर ज्वारीच्या पिठाची पिशवी असायची. श्रीनगरच्या हाऊसबोटीत त्यांनी आचाऱ्याला बाजूला बसवून स्वतः भाकरी थापल्या, आणि तो आचारी पुढे दिवाळीला पत्र पाठवायचा. परत आल्यावर दुकानात माणसं जमायची.

"भाऊ, कसं हाये कास्मीर?"

"पानी लय थंडं."

"अजून?"

"घोडे बारके. पन चांगले ठेवते ते लोक घोडे."

झालं काश्मीर. लोक हिरमुसून जायचे. पाहिलेलं सांगण्याची त्यांना हातोटीच नव्हती, आणि कदाचित पाहण्याचीही नसावी. गाडी वेळेवर सुटली का, कुणी काय खायला घातलं, कुठे पाठ टेकली, एवढं त्यांना आठवायचं.

विमानाचं मात्र काकूंमुळे सुरू झालं.

दिवेलागणीच्या सुमाराला आकाश स्वच्छ असलं की आमच्या गच्चीवरून दक्षिणेला, बुलढाण्याच्या घाटाच्या अंगाला, विमान जाताना दिसायचं. फार लांबून. मुंबईहून नागपूरला जाणारं असावं, असं लोक म्हणायचे. काकू वाळवणं गोळा करायला वर आलेल्या असायच्या. विमान दिसलं की त्या हातातलं काम थांबवायच्या आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभ्या राहायच्या. त्यांचं माहेर लोणारच्या बाजूला, घाटाच्या वर. आमच्याकडून तिकडे जायचं म्हणजे दोन एस.टी. बदलून दिवस मोडायचा, त्यामुळे जाणं क्वचितच व्हायचं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी तं भूगोल शिकवता. ते इमान आमच्या गावाहूनच जात असन ना? त्याच्यातून गाव दिसत असन का?"

"माहीत नाही हो काकू. मी कधी बसले नाही विमानात."

"लोनारचं सरोवर तं दिसतच असन. एवढं मोठं गोल. अन् सरोवर दिसलं की आमचं गाव सापडाले वेळ नाई."

भाऊ जिन्यात होते. हातात पोत्यांच्या सुतळ्या होत्या. ते तसेच खाली गेले.

त्या पाडव्याला कंपन्यांची माणसं आली तेव्हा भाऊंचे प्रश्न बदललेले होते. काश्मीरवाल्याला त्यांनी सांगितलं, "मले कास्मीर नको. नागपूर-मुंबई इमानाची दोन तिकिटं द्या. तुमाले सस्त्यातच पडते." तो हसला. म्हणाला, "भाऊ, योजना छापून झाली. एकट्यासाठी बदलता येत नाही." नेपाळवाल्याने तेच सांगितलं. रामेश्वरवाल्याने त्यांना वेड्यात काढलं. नागपूरहून मुंबईला जाऊन करणार काय, असं त्याने विचारलं. "काई नाई," भाऊ म्हणाले, "रेल्वेनं वापस येनार."

शेवटी एक नवी कंपनी तयार झाली. मिश्रखत बनवणारी, बाजारात नुकतीच उतरलेली. तिचा प्रतिनिधी अकोल्याचा, पंचविशीतला, हसतमुख पोरगा होता. त्याने सगळ्याला हो म्हटलं. तिकिटं नागपूर-मुंबईच, तारीख भाऊ सांगतील ती, जोडीनं. अट एकच. वर्षाचं सगळं मिश्रखत त्यांच्याच कंपनीचं उचलायचं.

भाऊंनी त्याला दोन वेळा परत पाठवलं. मला आठवतं, त्या दिवसांत ते पोत्यावर बसल्या बसल्या जुन्या कंपनीचं खत बोटांत चोळत राहायचे. जुनी कंपनी त्यांच्या ओळखीची होती, तिचा माल त्यांनी स्वतःच्या शेतात वर्षानुवर्षं टाकून पाहिलेला. नव्याचं कुणी टाकून पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा पोरगा आला आणि भाऊंनी हो म्हटलं. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मला त्यांनी बजावलं, "बाई, तिकिटं हातात येईपावतर तिले सांगू नका. दर साली नाई म्हनते. या टायमाले तिकीटच पुढं ठेवतो."

पेरण्या झाल्या, पिकं हातभर वर आली, आणि एका शनिवारी सकाळची शाळा करून मी परत आले तर दुकानासमोर वडनेरचा एक शेतकरी उभा होता. भाऊंच्याच भावकीतला. त्याच्या धोतराच्या सोग्यात मूठभर खत बांधलेलं होतं.

"भाऊ, हे काय देलं तुमी?" आवाज चढलेला नव्हता. तो नुसतं विचारत होता.

भाऊंनी आतून काचेचा पेला मागवला. पाणी ओतलं, त्यात ते खत टाकलं आणि काडीने ढवळत राहिले. बराच वेळ ढवळलं. मग पेला पोत्यावर ठेवला आणि सगळे बघत बसलो. पाणी हळूहळू निवळलं. तळाशी वाळू होती. थोडी नाही, पेल्याच्या तळाला बोटभर.

भाऊंनी पेला उचलून उजेडात धरला. "आजून कोनाकोनाले लागलं हे?"

"मी माह्यापुरतं पाह्यलं."

"जाय. घरी जाय. टाकू नोको. थैला वापस आन, दुसरा देतो."

त्यानंतरचे दिवस त्यांनी एस.टी.त काढले. वडनेर, वरवट बकाल, सोनाळा, मधली लहान गावं. ज्याने ज्याने ते खत नेलं होतं त्याच्या दारात जाऊन सांगितलं की थैले परत आणा. ज्याने टाकून संपवलं होतं त्यालाही बदली माल दिला, जुन्या कंपनीचा, स्वतः पैसे भरून उचललेला. लोक थैले घेऊन आले. अंगणात, जिन्याखाली, माझ्या खोलीबाहेरच्या सज्ज्यावर, जिथे जागा मिळेल तिथे ते थैले रचले गेले. पावसाळी हवेत खत पाणी सोडायला लागलं. सगळ्या घराला एक आंबूस वास येऊ लागला, आणि मी महिनाभर पोत्यांवरून पाय टाकत शाळेला जात होते.

अकोल्याचा पोरगा आला तो या पोत्यांमधूनच वाट काढत. भाऊंनी त्याला आधी जेवू घातलं. मी त्या दिवशी खालीच होते, काकूंना पोळ्या लाटू लागत होते. मधल्या दारातून सगळं दिसत होतं.

"भाऊ, खतात भराव असतोच," पोरगा म्हणाला. "सगळेच घालतात थोडा."

"थोडा."

"तुमचा थोडाच माल उरलाय उचलायचा. तो उचला. तुम्ही विका नाहीतर नका विकू, तुमच्या गोदामात पडू द्या. मला हिशेबाला चालेल. तिकिटं माझ्याजवळ आहेत, बघा."

त्याने बॅग उघडून खरोखरच तिकिटं काढली. भाऊंनी हात पुढे केला. तिकिटं घेऊन ती दोन्ही बाजूंनी पाहिली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ओळी वाचल्यासारखं बोट फिरवलं. पोळी लाटायचं थांबून काकू तिकडे बघत होत्या.

"चांगली हायेत," भाऊ म्हणाले आणि तिकिटं पोराच्या हातात परत दिली. "ठेव. पाच वाजताची पॅसेंजर भेटन तुले. अन् मालकाले सांग, हे थैले घेऊन जा म्हना. मी कोनाच्या वावरात वाळू टाकत नाई."

"भाऊ, माझी नोकरी..."

"तुले दुसरी भेटन. जुन्या कंपनीच्या साहेबाले मी चिठ्ठी देतो." आणि त्यांनी खरंच चिठ्ठी दिली. पुढे तो पोरगा त्या जुन्या कंपनीचा माणूस म्हणून बरीच वर्षं आमच्या गच्चीवर वांग्याची भाजी खायला येत होता.

तो गेल्यावर काकूंनी विचारलं, "कायची तिकिटं होती?"

भाऊंनी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं आणि दुकानात जाऊन बसले. काकूंनी हातातली पोळी लाटून पुरी केली, तव्यावर टाकायला म्हणून उचलली आणि तशीच परत पोळपाटावर ठेवली. मला म्हणाल्या, "या माणसाले कोनं सांगितलं होतं?" 

त्यानंतर पोळ्यापर्यंत भाऊ कुणाला सालाचा खर्च विचारेनासे झाले. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, नवे मास्तर गावात आले, तरी तो प्रश्न नाही. साबणाचे कागद मी नेऊन दिले तर त्यांनी ते नुसते फळीवर ठेवले.

पोळा झाला आणि दुसऱ्या आठवड्यात भाऊ कुणाला न सांगता पॅसेंजरने नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. काकू भाकऱ्या करत होत्या. त्यांच्यासमोर, पिठाच्या परातीशेजारी, त्यांनी दोन तिकिटं ठेवली.

"भादव्यात दुकानाले काम नसते. म्हैस माही भावजय पाहीन. लोनची झाली. आता काय सांगतं?"

काकूंनी पीठ लागलेले हात वर धरले होते, तिकिटांना डाग पडू नये म्हणून. "कोनत्या कंपनीनं देली?"

"कोनत्याच नाई. इकत घेतली."

ही बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. खतवाल्या भाऊंनी नगदी पैसे देऊन विमानाची तिकिटं घेतली. दुकानात येऊन लोक खात्री करून घेऊ लागले. कापडवाल्या दुकानदाराने त्यांचाच प्रश्न त्यांना केला, "भाऊ, त्याच्यावर काय भेटलं?"

"काई नाई," भाऊ म्हणाले आणि थैल्याचं तोंड शिवत राहिले.

मला मात्र त्यांनी एक गोष्ट अभिमानाने सांगितली. नागपूरच्या विमान कंपनीच्या ऑफिसात त्यांनी साहेबाला विचारलं होतं की मुंबईकडे जाताना लोणार कोणत्या हाताला येतं. साहेबाला सांगता येईना. मग भिंतीवरच्या नकाशापाशी दोघं उभे राहिले आणि डाव्या हाताला, असं ठरलं. "बाई, डाव्या खिडकीपाशी तिले बसवाचं हाये. ध्यानात ठेवलं मी."

निघताना काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. भाऊंच्या खांद्याला नेहमीची पिठाची पिशवी होती. तासाभराच्या प्रवासात पीठ कशाला, असं मी विचारलं नाही.

तीन-चार दिवसांनी ते रेल्वेने परत आले, आणि मग नांदुऱ्याने एक नवेच भाऊ पाहिले. काश्मीर दोन वाक्यांत संपवणारा हा माणूस दुकानात तासभर बोलत होता.

"लोनारचं सरोवर हिरवंगार. जसी कोनं परात मांडून ठेवली. त्याच्या अलीकडं रस्ता वळते. वळनावर वड हाये. मोठा. त्याच्या पारंब्या जमिनीत उतरल्या. वडाच्या मांगं मारोतीचा पार, अन् पाराच्या पलीकडं उतारावर इहीर. इहिरीले एका बाजूनंच पायऱ्या हायेत. तिसऱ्या पायरीचा दगड हालते."

"भाऊ, हालते ते बी दिसलं?" कुणीतरी विचारलं.

"दिसलं ना."

मी भूगोल शिकवणारी. इतक्या उंचीवरून विहिरीची पायरी दिसत नाही, एवढं मला कळत होतं. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला तिखटमीठ लावायची सवय लागते, तसं असेल. शिवाय ते इतक्या शांतपणे सांगायचे की कुणाला हसू येत नसे. लोक ऐकायचे. पुढे पुढे तर ते गाव सगळ्या बाजाराला पाठ झालं. कवठाचं झाड कुणाच्या परसात आहे, ओढा कुठे आडवा येतो, शाळा सुटल्यावर मुली कोणत्या बोळातून घरी जायच्या. काकू आतल्या खोलीत असायच्या, त्यांना सगळं ऐकू जायचं. त्या कधी मध्ये बोलल्या नाहीत.

सालाचा खर्च विचारणं पुन्हा सुरू झालं. साबणाचे कागद पुन्हा सुतळीने बांधले जाऊ लागले. पुढच्या वर्षी भाऊंनी नेपाळची योजना घेतली आणि आपल्या जागी वडनेरच्या दोन्ही भावांना पाठवलं. मी आणखी काही वर्षं तिथे होते, मग लग्न होऊन साताऱ्याकडे गेले. पत्रं येत होती, मग विरळ झाली. भाऊ गेल्याचं मला उशिरा कळलं.

त्यानंतर एकदा नागपूरला जाताना मी मुद्दाम नांदुऱ्याला उतरले. दुकान आता पुतण्या चालवत होता. तो खुर्चीत बसला होता. काकू वरच्या गच्चीत, सावलीला, तुरीची डाळ निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि जेवल्याशिवाय जायचं नाही हे आधी सांगून टाकलं.

बोलता बोलता विमानाचा विषय निघाला. मी हसत म्हटलं, "भाऊंना विहिरीची हलती पायरीसुद्धा दिसली होती. मला कधी पटलं नाही."

काकू सुपातली डाळ पुढेमागे करत राहिल्या.

"त्याईले काई दिसलं नाई, बाई. इमान हाललं तसे डोये गच्च मिटून बसले. माहा हात धरला तो सोडलाच नाई. भेले होते. कोनाले सांगू नोको म्हने."

"मग ते सगळं तुम्ही पाहिलेलं होतं?"

"मी काय पाहीन? भादव्याचे दिवस. खाली नुसते ढग. नागपूर सोडलं ते मुंबई येईपावतर पांढरंच पांढरं. मी खिडकीले नाक लावून बसली, पन एक झाड दिसलं नाई."

 गच्चीवरून मी उगाच दक्षिणेकडे पाहिलं.

"थोड्या येळानं त्याईनं इचारलं, सरोवर आलं का? दिसून राह्यलं का? डोये मिटलेलेच. आता एवढा इकत घेतला होता त्याईनं तो परवास. नाई कसं म्हनू? म्हटलं, दिसून राह्यलं. तं म्हने, काय काय दिसते ते सांग. मंग मी सांगत गेली. मले गाव पाठच होतं."

"वाईट नाही वाटलं काकू? तुम्हाला बघायचं होतं ना."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काऊन वाईट वाटन? लगन होऊन एवढे साल झाले होते, बाई. आमच्या गावाले यायचे तं ओट्यावर बसून चहा प्यायचे अन् सांजच्या गाडीनं वापस. माही इहीर कोनती, वड कोनता, मी कोनत्या बोळातून शाळंत जायची, कदी इचारलं नाई. त्या दिवशी मुंबई येईपावतर आयकत होते. मधात मी इहिरीपाशी येऊन थांबली, तं डोये न उघडता म्हने, काऊन थांबली? पुढं सांग."